लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगसाठी कमी बजेटमध्ये डिस्क कशी निवडावी

तालुक्याच्या गावी लग्नाचे शूटिंग आणि मिक्सिंग करणारा माणूस नवा संगणक बांधायला घेतो, तेव्हा त्याच्या बजेटचा मोठा वाटा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांतच संपतो, आणि डिस्कचा विषय शेवटी दुकानदाराच्या टेबलावर ‘एक टीबी टाकून द्या’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. पुढे त्याच डिस्कवर दुसऱ्याच्या घरचे लग्न ठेवलेले असते, आणि ते काही पुन्हा लावता येत नाही. उदगीर, सेलू, अंबाजोगाई, किनवट अशा गावांतल्या मित्रांना मी गेली काही वर्षे संगणक जुळवून देतो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की खोक्यावर छापलेला वेगाचा आकडा पाहण्याआधी आपल्या फुटेजचा आकडा काढावा, आणि दुसऱ्या प्रतीच्या डिस्कचे पैसे बजेट मांडतानाच बाजूला ठेवावेत. ‘उरले तर पाहू’ म्हटले की ते पैसे कधीच उरत नाहीत.

आधी फुटेजचा हिशेब

कॅमेऱ्याच्या मेनूत चित्रणाचा दर मेगाबिटमध्ये दिलेला असतो, तर डिस्कचा वेग मेगाबाइटमध्ये छापतात. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे पहिल्या आकड्याला आठने भागल्याशिवाय दोहोंची तुलना होत नाही. दर सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले फोर-के चित्रण म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणि तासाला ४५ जीबी. ५० मेगाबिटचे फुल एचडी चित्रण म्हणजे याच्या निम्मे, तासाला साडेबावीस जीबी. दोन कॅमेरे हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येकी पाच तास फोर-केमध्ये चालले, तर एका लग्नाचे फुटेज ४५० जीबी होते. ड्रोन आणि फोटो धरून ५०० समजावे. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंतच्या हंगामात अशी तीस लग्ने हाताखालून गेली, तर १५ टीबी झाले. याशिवाय कंपन्या १ टीबी म्हणतात ती जागा विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. यात फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींमधला तो फरक आहे, पण जागेचा अंदाज बांधताना तो धरावाच लागतो.

आता वेग पाहू. चार कॅमेऱ्यांचे फोर-के फुटेज टाइमलाइनवर एकावर एक ठेवून मल्टिकॅम चालवले, तरी मागणी सेकंदाला ५० मेगाबाइटचीच असते, आणि ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, साधी हार्ड डिस्क सलग वाचनात १५० ते २०० मेगाबाइट सहज देते. मग टाइमलाइन का अडखळते? कारण हे वाचन सलग नसते. तबकडीला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली येण्याची वाट सरासरी चार मिलिसेकंद पाहावी लागते, आणि डोके एका फाइलवरून दुसऱ्या फाइलवर नेणाऱ्या दांडीचा वेळ त्यात मिळवला की प्रत्येक उडी दहा-बारा मिलिसेकंदांची होते. चार कॅमेऱ्यांच्या चार फाइली, गाण्याची फाइल, ध्वनीच्या आलेखाच्या बारीक फाइली, कॅशे म्हणजे सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली, आणि त्यातच विंडोजची स्वतःची ये-जा, अशा सगळ्यांसाठी एकच डोके पळू लागले की सलग वेगाचा आकडा कागदावर राहतो. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्यामुळे हीच उडी मिलिसेकंदाच्या साधारण दहाव्या भागात होते. एसएसडीमुळे मिक्सिंगमध्ये जो सुटसुटीतपणा जाणवतो, तो मुख्यतः या लहान उडीचा आहे.

फुटेज मिक्सिंगसाठी प्रो-रेस ४२२ सारख्या कमी दाबलेल्या मधल्या स्वरूपात बदलून घेणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा पडतो. फोर-के, २५ फ्रेमच्या प्रो-रेस ४२२ चा दर ४९२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साडेएकसष्ट मेगाबाइट आणि तासाला सुमारे २२० जीबी होतो, आणि असे दोन-तीन थर एकावर एक आले की साधी हार्ड डिस्क तेथेच थांबते. अशा कामाला एसएसडी हवीच.

डिस्क घेण्याआधी एक तपासणी मात्र करावी, कारण मी स्वतः त्यात एका मित्राचे पैसे चुकीच्या जागी घालवले आहेत. लातूरच्या या मित्राची टाइमलाइन अडकत होती, म्हणून आम्ही मोठ्या वेगाची एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जोडणीची, एसएसडी बसवली, आणि अडखळणे तसूभरही कमी झाले नाही. त्याचा नवा कॅमेरा एच.२६५ या जास्त दाबून साठवणाऱ्या स्वरूपात चित्रण करीत होता, आणि ते उलगडताना त्याचा जुना प्रोसेसर धापा टाकत होता; डिस्क निवांत होती. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर बसावे, टाइमलाइन चालू करावी आणि अडखळताना कोणता आलेख शंभराला टेकतो ते पाहावे. डिस्कचा आलेख टेकत असेल तरच हा लेख पुढे उपयोगाचा आहे. प्रोसेसरचा टेकत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून घ्याव्यात. एडियस, प्रीमियर आणि रिझॉल्व्ह या मिक्सिंगच्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

कामाची डिस्क: एसएसडी

चालू काम एसएसडीवर असावे, हे आता वादाचे राहिलेले नाही. प्रश्न कोणती, इतकाच उरतो. सॅटा, म्हणजे जुन्या जोडणीची, एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५०० पर्यंत आणि चौथ्या पिढीची ७००० पर्यंत जाते. वरचा हिशेब मांडला की लक्षात येते की लग्नाच्या फुटेजला सॅटाचा वेगही भरपूर होतो, आणि चौथ्या पिढीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी तेच पैसे जास्त जागेसाठी मोजणे शहाणपणाचे आहे.

खरा फरक खोक्याच्या दर्शनी बाजूला छापलेला नसतो. एसएसडीच्या एका पेशीत तीन बिट साठवले तर तिला टीएलसी म्हणतात, आणि चार साठवले तर क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिच्यावर लिहिणे संथ असते. हा संथपणा झाकण्यासाठी डिस्कचा काही भाग वेगवान तात्पुरत्या साठ्यासारखा वापरला जातो, आणि तो भरेपर्यंत सारे सुरळीत दिसते. कार्डांमधून ४५० जीबी एका दमात ओतायला घेतले की हा साठा मध्येच भरतो आणि वेग जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. कार्यालयातल्या टायपिंगच्या संगणकाला हे कधी जाणवणार नाही; आपल्या धंद्यात ते दर लग्नाला जाणवते. म्हणून मिक्सिंगसाठी टीएलसीच घ्यावी, आणि दोन मॉडेलच्या किमतीत थोडाच फरक असेल तर डीरॅम, म्हणजे डिस्कची स्वतःची छोटी मेमरी, असलेली निवडावी. डीरॅम नसलेली एनव्हीएमई संगणकाच्या रॅमचा लहानसा तुकडा उसना घेऊन काम भागवते, आणि आपल्या कामाला ते चालण्याजोगे असते. डीरॅम नसलेल्या सॅटा एसएसडीला ती सोय नसते, म्हणून तिच्यापासून दूर राहिलेले बरे.

डिस्कवर एकूण किती लिहिता येईल याचा टीबीडब्ल्यू नावाचा आकडाही दिलेला असतो, आणि त्याची भीती पुष्कळ जण विनाकारण घेतात. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी मॉडेलवर तो ६०० टीबीच्या आसपास असतो. हंगामाचे १५ टीबी फुटेज, आणि कॅशे व एक्सपोर्ट मिळून तेवढेच आणखी, असे वर्षाला ३० टीबी लिहिले तरी तो आकडा गाठायला वीस वर्षे लागतात. त्याआधी डिस्कच जुनी झालेली असते. त्यापेक्षा वॉरंटी तीन वर्षांची आहे की पाच वर्षांची, हे पाहावे. एसएसडी काठोकाठ भरू नये, पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी. ती भरत आली की लिहिण्याचा वेग स्पष्टपणे उतरतो.

जागेचे बोलायचे तर ५०० जीबीच्या एसएसडीत विंडोज, सॉफ्टवेअर आणि एक फोर-के लग्न मावत नाही, हे वरच्या हिशेबावरूनच दिसते. १ टीबी ही मी किमान मर्यादा मानतो. दोन लहान एसएसडी घेऊन एकीवर विंडोज आणि दुसरीवर फुटेज ठेवण्याची जुनी शिफारस हार्ड डिस्कच्या काळातली आहे; बजेट आखूड असेल तर एकच मोठी घ्यावी. प्रीमियरचा मीडिया कॅशे आणि रिझॉल्व्हचा रेंडर कॅशे याच एसएसडीवर आहेत ना, हे सेटिंगमध्ये जाऊन स्वतः पाहावे, आणि काम संपल्यावर ते रिकामे करावेत.

मदरबोर्ड काय स्वीकारतो

कमी बजेटचे पुष्कळ संगणक म्हणजे मोठ्या शहरांतल्या कार्यालयांनी काढून टाकलेले जुने डेस्कटॉप असतात, आणि त्यांच्या बाबतीत डिस्क घेण्याआधी कॅबिनेट उघडून बोर्डावरचा चिपसेट वाचणे आवश्यक आहे. एच६१ चिपसेटच्या सॅटा जोडण्या जुन्या, ३ गिगाबिटच्या आहेत, त्यामुळे ५५० मेगाबाइटची एसएसडी तेथे २७० च्या आसपासच चालते. तरीही ती लावावीच, कारण उडीचा फायदा पूर्ण मिळतो. एच८१ मध्ये दोन जोडण्या ६ गिगाबिटच्या आणि दोन ३ च्या असतात, म्हणून एसएसडीची केबल योग्य जोडणीत आहे की नाही हे पाहावे. केवळ केबल बदलून वेग दुप्पट झालेला मी पाहिला आहे. अशा जुन्या बोर्डांवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरू होण्याची सोय सहसा नसते, तेव्हा तेथे सॅटा एसएसडी हाच सरळ मार्ग आहे.

नव्या बोर्डावर एम.२ ची खाच असते, पण त्या खाचेत बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडी दोन प्रकारच्या असतात, सॅटा आणि एनव्हीएमई, आणि दिसायला त्या जवळजवळ सारख्याच. काही बोर्डांवर ती खाच वापरली की सॅटाची एखादी जोडणी बंद पडते. बोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. नवी हार्ड डिस्क खराब आहे असे समजून दुकानात परत नेण्याआधी ते पान वाचावे.

साठ्याची डिस्क: हार्ड डिस्क

काम संपलेले फुटेज ठेवायला हार्ड डिस्क अजूनही सर्वांत परवडणारी आहे, आणि सर्वांत जास्त फसगतही येथेच होते. अलीकडच्या अनेक स्वस्त डिस्क एसएमआर या तंत्राने बनवलेल्या असतात. यात तबकडीवरच्या नोंदींच्या रेषा कौलारू छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून बसवतात, म्हणजे तेवढ्याच तबकडीत जास्त मजकूर मावतो. पण मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावर चढलेली कौलेही उचलावी लागतात, तसेच येथे होते: एका रेषेवर नव्याने लिहायचे तर शेजारच्या रेषाही पुन्हा लिहाव्या लागतात. सीएमआर या जुन्या पद्धतीत रेषा सुट्या असतात, त्यामुळे हा त्रास नाही.

व्यवहारात हे कसे दिसते ते सांगतो. सेलूच्या एका स्टुडिओत नव्या २ टीबी डिस्कवर कार्डातून उतरवलेले फुटेज हलवायला आम्ही बसलो होतो. कॉपीच्या खिडकीतला हिरवा आलेख पहिली काही मिनिटे १८० वर सपाट होता, मग एकदम खाली बसला आणि २० ते ३० च्या मध्ये हेलकावे खाऊ लागला. मध्येच तो शून्यावर टेकायचा, डिस्कची घरघर चालू राहायची, आणि ‘उरलेला वेळ’ वीस मिनिटांवरून चार तासांवर गेला. डिस्क बिघडलेली नव्हती. ती एसएमआर होती, आणि आपली कौले उचलत-ठेवत बसली होती.

२०२० च्या एप्रिलमध्ये एसएमआर डिस्क तसे न सांगता विकल्याचा विषय जगभर गाजला, आणि त्यानंतर प्रमुख कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये कोणते तंत्र आहे याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. म्हणून दुकानात नुसते कंपनीचे नाव न घेता लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक मागावा आणि तो यादीत पाहावा. एकाच मालिकेत दोन्ही प्रकार असतात: सीगेट बाराकुडाची १ टीबी एसटी१०००डीएम०१० ही सीएमआर आहे, तर त्याच मालिकेतली २ टीबी एसटी२०००डीएम००८ ही एसएमआर. सीगेटची आयर्नवुल्फ, वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि तोशिबाची एन३०० या सतत चालण्यासाठी बनवलेल्या मालिका सीएमआर आहेत आणि त्यांना तीन वर्षांची वॉरंटी मिळते. थोडे जास्त पैसे पडतात, पण साठ्याच्या मुख्य डिस्कसाठी मी यांच्याखाली उतरत नाही. खिशात मावणाऱ्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआर असतात. एकदाच भरून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी त्या चालतात, त्यांच्यावरून थेट मिक्सिंग मात्र करू नये.

सीसीटीव्हीमधून काढलेल्या जुन्या डिस्क स्वस्तात मिळतात, आणि आपल्या भागात त्या ‘नवीनच आहे’ म्हणून विकल्याही जातात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवले की डिस्क किती तास चालली आहे ते दिसते; वर्षाचे ८७६० तास धरले, तर ३५ हजार तास म्हणजे चार वर्षे अखंड चाललेली डिस्क. हा आकडा शून्यावर आणलेल्या डिस्कही बाजारात आलेल्या आहेत, तेव्हा लेबलवरची उत्पादनाची तारीख पाहावी आणि अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का ते तेथेच, पैसे देण्याआधी तपासावे. जीएसटीचे बिल घ्यावे. बिलाशिवाय वॉरंटीचे भांडण लांबवर जाऊन भांडावे लागते.

ऊन, धूळ आणि लाईट

मराठवाड्यात लग्नांचा जोर आणि उन्हाचा जोर एकाच वेळी येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या गाळ्यातली हवा त्याहूनही तापते, आणि हार्ड डिस्कची चालण्याची कमाल मर्यादा साधारण ६० अंशांची असते. मर्यादा गाठेपर्यंत थांबू नये. ५० च्या वर आकडा दिसू लागला की काहीतरी करावे. कॅबिनेट फर्निचरच्या बंद कप्प्यात असेल तर आधी ते बाहेर काढावे, हार्ड डिस्कच्या समोरच्या बाजूला एक पंखा बसवावा, आणि दोन डिस्क एकमेकींना चिकटून न ठेवता मधला कप्पा रिकामा सोडावा. एनव्हीएमई तापली की स्वतःहून वेग कमी करते, म्हणून तिच्यावर धातूचे हीटसिंक असावे. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार बोर्डावर पांढरा थर धरतात, हे मी साफसफाई करताना अनेकदा पाहिले आहे.

लाईटचा प्रश्न त्याहून मोठा आहे. डीपी जळाली की दोन दिवस अंधार, आणि येते तेव्हा दाब वर-खाली. लिहिणे चालू असताना वीज गेली तर अर्धी फाइल नव्हे, कधीकधी डिस्कवरची सगळी अनुक्रमणिकाच बिघडते. संगणकाला यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे, कारण दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षणभराचा उशीर संगणक बंद पडायला पुरतो. अर्थिंग नीट नसेल तर आधी ते करून घ्यावे, डिस्क नंतर.

दुसरी प्रत

एका वैशाखात माझ्याच टेबलावर, चार वर्षे तक्रार न करता चाललेली डिस्क रात्री दोनच्या सुमारास टक्-टक् करू लागली. आधी वाटले पंख्याला वायर घासते आहे. कॅबिनेटला कान लावला तर आवाज आतून, एका ठरावीक तालात येत होता. तिच्यावर एका घरची हळद होती आणि दुसरी प्रत नव्हती, कारण दुसऱ्या डिस्कचे पैसे मी त्या वर्षी ग्राफिक्स कार्डात घातले होते. त्या घरी जाऊन आजीबाईंना सांगताना जे वाटले, त्यानंतर मी दुसऱ्या प्रतीशिवाय एकही काम घेतलेले नाही.

कोणत्याही कंपनीची डिस्क जाऊ शकते. बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या हजारो डिस्कच्या नोंदी प्रसिद्ध करते, आणि त्यांत वर्षाला शंभरातल्या एक-दोन डिस्क जातात असे सरासरी दिसते. त्याही थंड, निर्मळ खोल्यांत ठेवलेल्या. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी, असा आहे. आपल्याकडे तो असा बसतो: काम चालू असताना फुटेज एसएसडीवर आणि साठ्याच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी प्रत पोर्टेबल डिस्कवर, घरी किंवा भावाच्या गावी. दोन डिस्क जोडून वेग वाढवणाऱ्या रेड शून्यच्या वाटेला जाऊ नये, कारण एक गेली की दोन्हींवरचे जाते. वर्षानुवर्षे ठेवायची प्रत एसएसडीवरही ठेवू नये. वीज न मिळता पडून राहिलेल्या, त्यातही वापरून झिजलेल्या एसएसडीतला मजकूर हळूहळू विरतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत ते लवकर होते.

पैसे अगदीच कमी असतील तर क्रम असा ठेवावा: आधी १ टीबीची टीएलसी एसएसडी आणि प्रतीसाठी एक पोर्टेबल डिस्क, पुढच्या हंगामाच्या पहिल्या पैशांतून ४ टीबीची सीएमआर हार्ड डिस्क. मोठी हार्ड डिस्क आधी घेऊन प्रत मागे ठेवू नये.

नवी डिस्क आली की तिच्यावर लगेच काम टाकू नये. एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून परत वाचते, आणि १६ टीबी म्हणून विकली जाणारी खोटी पोर्टेबल एसएसडी असेल तर ती येथेच पकडली जाते. मोठ्या हार्ड डिस्कला यात रात्र जाते, जाऊ द्यावी. नंतर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या ओळी शून्य आहेत का ते पाहावे. नव्या डिस्कवर त्यांत एकही आकडा दिसला तर ती बदलून मागावी. जुन्या डिस्कवर दिसला तर त्याच दिवशी मजकूर हलवावा. सी७ ची ओळ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, आणि तो नव्या केबलने मिटतो. यानंतर खरेदीची तारीख चिकटपट्टीवर लिहून डिस्कवर लावावी आणि पहिल्या लग्नाचे फुटेज टेराकॉपीसारख्या पडताळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने उतरवावे. कार्डाच्या डबीत मी भरलेले कार्ड पालथे ठेवतो, आणि दोन्ही प्रती पडताळून झाल्या की मगच ते सुलटे करतो. पालथे कार्ड माझ्याकडचा कोणीही मुलगा कॅमेऱ्यात घालत नाही.